बोटांना वाचता येणारी पाटी: सार्वजनिक इमारतीतले फलक कसे करून घ्यावेत

सरकारी रुग्णालय असो, पंचायत समितीचं कार्यालय असो की कॉलेजची नवी इमारत, पाट्यांचा विषय निघतो तो रंगकाम उरकल्यावर आणि उरलेल्या पैशात. खोल्या मोजून यादी होते, ती फ्लेक्सवाल्याकडे किंवा रेडियमवाल्याकडे जाते आणि आठवडाभरात चकचकीत पाट्या दारांवर चिकटतात. मंददृष्टीच्या माणसाला त्या वाचता येत नाहीत. पूर्ण दृष्टिहीन माणसाला तर त्या आहेत हेच कळत नाही. व्हीलचेअरवरचा माणूस बाणामागे जातो आणि तीन पायऱ्यांपुढे अडकतो.

हे टाळण्यासाठी लागणारा जादा खर्च फारसा नाही, पण कामाचा क्रम बदलावा लागतो. इथे तळमजला अधिक दोन मजले, एक जिना, एक लिफ्ट आणि सुमारे तीस खोल्या असलेलं तालुक्याचं रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवलं आहे. शाळा, बँक किंवा गृहनिर्माण संस्थेलाही हाच क्रम चालतो.

कायद्याबद्दल थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे (दिव्यांगांना इमारत सहज वापरता यावी यासाठीचे) नियम न पाळणाऱ्या इमारतीला बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ४५ मध्ये जुन्या सार्वजनिक इमारती सुधारण्यासाठी पाच वर्षांची मुदत होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेची मानकं नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, सक्तीचे नियम करावे लागतील. मोजमापांसाठी केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाच्या २०२१ च्या ‘हार्मोनाइज्ड गाइडलाइन्स’ हाताशी ठेवा. स्पर्शाच्या पाट्यांची बारीक मापं अमेरिकेच्या दिव्यांग कायद्याच्या (एडीए) मानकात नेमकी दिलेली आहेत, ती इथेही उपयोगी पडतात.

आधी चालून बघा

पाट्यांची यादी खोल्यांवरून करू नका, वाटेवरून करा. रिक्षा किंवा एसटी जिथे सोडते तिथपासून सुरुवात करा आणि एकेक काम धरून चाला: केसपेपर काढायचा आहे, रक्त तपासायचं आहे, बाळंतिणीच्या वॉर्डात जायचं आहे, शौचालय शोधायचं आहे. जिथे पाय थबकतो आणि ‘आता कुणीकडे?’ असं वाटतं, ती जागा नकाशावर खुणेने टिपा. फाटकाशी, मुख्य दारात, कॉरिडॉरच्या प्रत्येक वळणावर, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर आणि जिन्याच्या टोकाशी अशा जागा हमखास निघतात. लांब कॉरिडॉरमध्ये वळण नसलं तरी तीसेक मीटरवर दिशा पुन्हा सांगावी लागते, नाहीतर माणूस चुकलो समजून मागे फिरतो.

हीच फेरी दुसऱ्यांदा व्हीलचेअर ढकलत करा. पायऱ्यांची वाट आणि उताराची वाट जिथे वेगळी होते, त्या फाट्यावरच पाटी हवी. उतार इमारतीच्या मागे असेल आणि त्याची पाटीही मागेच असेल, तर तिचा उपयोग ज्याला उतार आधीच सापडला आहे त्यालाच.

आपल्या नमुना इमारतीत अशा फेऱ्यांतून साधारण ही संख्या निघते: फाटकाशी एक मोठा फलक, दारात एक सूची, दहा ते बारा दिशादर्शक, तीस दारपाट्या, लिफ्टच्या चौकटीवर मजल्याचे आकडे सहा (तीन मजले, दोन्ही बाजूंना) आणि जिन्याच्या कठड्यांवर मजला सांगणाऱ्या आठ पट्ट्या. कठड्यांचा हिशोब असा: दोन्ही बाजूंचे कठडे धरून तळमजल्यावर दोन, पहिल्या मजल्यावर चार, कारण तिथे एक जिना संपतो आणि दुसरा सुरू होतो, आणि वरच्या मजल्यावर दोन. कंत्राटदाराच्या यादीत ही आठ सहसा नसतातच.

पाटीवर काय लिहायचं

लोक तोंडाने जो शब्द विचारतात तोच पाटीवर हवा. ‘उद्वाहन कुठे आहे?’ असं कुणी विचारत नाही, लिफ्ट विचारतात. रुग्णालयात ‘नोंदणी कक्ष’ लिहिलेल्या खिडकीसमोर उभं राहून माणसं केसपेपरची खिडकी शोधत असतात. ‘क्ष-किरण विभाग’ऐवजी ‘एक्स-रे’, ‘दंतचिकित्सा’ऐवजी ‘दातांचे डॉक्टर’ लिहिलं तर भाषेचा अपमान होत नाही. बौद्धिक दिव्यांग व्यक्ती, वाचायला नुकतं शिकलेली माणसं आणि घाबरलेले नातेवाईक या सगळ्यांना त्याने मदत होते. कार्यालयीन नाव ठेवावंच लागणार असेल तर ते खाली लहान अक्षरांत टाका.

एका गोष्टीला सगळ्या इमारतीत एकच नाव ठेवा. सूचीत ‘प्रसाधनगृह’, बाणावर ‘स्वच्छतागृह’ आणि दारावर ‘शौचालय’ असं असेल तर स्मरणशक्तीचा त्रास असलेल्या वृद्धाला त्या तीन वेगळ्या जागा वाटतात. मजल्यांचंही तसंच. पाटीवर ‘तळमजला’, लिफ्टच्या बटणावर ‘जी’ आणि लिफ्टमधल्या पडद्यावर शून्य असा तिढा अनेक इमारतींत आहे. बटण बदलता येत नसेल तर निदान सूचीत ‘तळमजला’च्या शेजारी बटणावरचं चिन्ह छापा.

‘दिव्यांग शौचालय’ या पाटीपेक्षा ‘व्हीलचेअरचे शौचालय’ जास्त उपयोगाची. आत काय सोय आहे ते तिच्यातून कळतं, आणि जिला काठी लागते पण दिव्यांग प्रमाणपत्र नाही अशा आजीलाही ती आपली वाटते.

भाषेचा क्रम मराठी आधी, मग इंग्रजी. सीमाभागात किंवा रेल्वे स्टेशनाजवळ तिसरी भाषा लागेल. मात्र दारपाटीवर तीन भाषा, बोधचिन्ह आणि संस्थेचं मानचिन्ह कोंबलं की एकही नीट वाचता येत नाही. मानचिन्ह फाटकापाशी एकदा पुरे.

अक्षरं आणि अंक

अंतरानुसार अक्षराची किमान उंची ठरते. २ मीटरवरून वाचायचं असेल तर ६ मिमी, ३ मीटरला १२, ६ मीटरला २०, ८ ला २५, १२ ला ४०, १५ ला ५० आणि २५ मीटरला ८० मिमी. ही चांगल्या नजरेची मापं आहेत. मंददृष्टीचा माणूस गृहीत धरून निदान दुप्पट करा. कॉरिडॉरमधला बाणफलक आठ मीटरवरून दिसायला हवा असेल तर ५० मिमी अक्षर घ्या.

देवनागरीत हे माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायचं. वेलांट्या, मात्रा आणि रफार वर, उकार आणि ऋकार खाली. त्यामुळे २० मिमी अक्षराची ओळ प्रत्यक्षात ३५ मिमीच्या आसपास जागा घेते. इंग्रजीच्या सवयीने ओळींतलं अंतर ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो आणि ‘सूचना’ची ‘सुचना’ होते.

अक्षरवळण एकसारख्या जाडीचं निवडा. मुक्त, हिंद किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांपैकी कोणतंही चालेल, मध्यम किंवा किंचित ठळक वजनात. सुलेखनाचं, तिरकं, सावली दिलेलं वळण नको. घ-ध, भ-म, थ-य, ब-व या जोड्या छापून तीन मीटरवरून बघा. त्या जिथे एकमेकींत मिसळतात तो फॉन्ट बाद. अक्षरं मोकळी दिसावीत म्हणून संगणकावर त्यांच्यातलं अंतर ताणू नका, शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांत तुटते. त्यापेक्षा मुळात रुंद वळण घ्या.

छपाईआधीची एक तपासणी फार मोलाची आहे. ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांसाठी’ हे शब्द पाट्यांवर सारखे येतात आणि जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना त्यातला अर्धा र हमखास बिघडतो. ‘पायर्या’ छापून येतं. मजकूर बरोबर दिसतोय तेव्हाच फाइलमधल्या अक्षरांचं रेषांमध्ये रूपांतर करा आणि तीच फाइल दुकानात द्या, म्हणजे त्यांच्या संगणकावर जोडाक्षरं फुटणार नाहीत.

अंक मराठीत मोठे ठेवा, पण आंतरराष्ट्रीय अंकही सोबत द्या, कारण टोकनवर आणि लिफ्टच्या पडद्यावर तेच असतात. अंधूक नजरेला १ आणि ९, तसेच ३ आणि ६ यांत गफलत होते. अंक अक्षरापेक्षा दीडपट मोठा ठेवणं हा त्यावर सोपा इलाज आहे.

रंग आणि चमक

पाटीची पार्श्वभूमी आणि अक्षर यांच्यात उजेड परतवण्याचा फरक किमान ७० टक्के हवा. हिशोब सोपा आहे. प्रत्येक रंग किती उजेड परतवतो याचा शंभरपैकी एक आकडा असतो, काही रंगांसाठी तो कंपनीच्या माहितीत मिळतो. फिक्या रंगाच्या आकड्यातून गडद रंगाचा आकडा वजा करा, फिक्याच्या आकड्याने भागा आणि शंभरने गुणा. पांढरा ८५ आणि गडद निळा ८ असेल तर फरक ९० टक्क्यांच्या वर जातो. पांढऱ्यावर ७० चा पिवळा घेतला तर जेमतेम १८ टक्के. आकडे मिळत नसतील तर नमुन्याचा फोटो काढून मोबाइलवर काळा-पांढरा करा. अक्षर ठसठशीत दिसलं नाही तर रंग बदला. लाल-हिरवा आणि लाल-काळा या जोड्या रंगांधळेपणामुळे टाळाच.

पाटीचा भिंतीशीही फरक लागतो. पांढऱ्या भिंतीवर पांढरी पाटी असेल तर मंददृष्टीच्या माणसाला पाटीच सापडत नाही, मग तिच्यावर कितीही काळी अक्षरं असोत. अशा ठिकाणी पाटीभोवती १० मिमीची गडद पट्टी द्या.

स्टेनलेस स्टीलवर कोरलेली अक्षरं वास्तुविशारदांना फार आवडतात. सार्वजनिक इमारतीत ती वापरू नयेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. ट्यूबलाइटचा आणि खिडकीचा प्रकाश त्यात आरशासारखा दिसतो, आणि कोरलेल्या खाचेत फरक पडतो तो फक्त सावलीचा. पितळेचंही तेच. मॅट फिनिशचं अ‍ॅक्रिलिक घ्या. चकचकीत अ‍ॅक्रिलिक आलंच तर ते परत पाठवा, वरून मॅट लॅमिनेशन मारून स्पर्शाची पाटी दुरुस्त होत नाही.

दाराची पाटी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

पाटी दारावर लावायची नाही. दार उघडं असेल तर ती भिंतीकडे तोंड करते. बंद असेल तर बोटांनी वाचत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर दार उघडतं. ती कडीच्या बाजूच्या भिंतीवर लावा, बिजागरीच्या बाजूला नाही. सगळ्या इमारतीत हाच नियम पाळला की दृष्टिहीन माणसाचा हात दार सापडल्यावर आपोआप त्या जागी जातो. दोन झडपांचं दार असेल आणि त्यातली एकच उघडत असेल, तर पाटी बंद राहणाऱ्या झडपेवर चालते. दोन्ही उघडत असतील तर उजव्या बाजूच्या भिंतीवर.

उंची: सगळ्यात खालची स्पर्शाची ओळ जमिनीपासून १२२० मिमीच्या खाली नको आणि सगळ्यात वरची १५२५ मिमीच्या वर नको. पाटीचा मध्य १४०० मिमीच्या आसपास ठेवला की बहुतेक ठिकाणी हे जमतं. पाटीसमोर ४५५ मिमी लांब-रुंद मोकळी जागा हवी, आणि ती दार उघडण्याच्या कक्षेबाहेर हवी. या जागेत कुंडी, बाकडं, कचऱ्याचा डबा काही येता कामा नये. पाटी उत्तम आणि खाली चपलांचा रॅक, अशी स्थिती फार ठिकाणी होते.

उठावाची अक्षरं किमान ०.८ मिमी वर आलेली हवीत, १ ते १.५ मिमी उत्तम. देवनागरी अक्षर २० ते २५ मिमी उंच घ्या. त्याहून फार मोठं अक्षर बोटाखाली एकदम मावत नाही आणि आकार जुळवावा लागतो. कडा किंचित गोल करून घ्या, लेझरने कापलेल्या अ‍ॅक्रिलिकची धार बोटाला बोचते.

अक्षरं उठावाची करण्याचे तीन मार्ग बाजारात सहज मिळतात. १.५ मिमी अ‍ॅक्रिलिकमधून अक्षरं कापून चिकटवणं सगळ्यात स्वस्त. पण यात अनुस्वार आणि चंद्रबिंदू सुटे तुकडे असतात आणि तेच आधी गळतात. ‘बंद’चं ‘बद’ होतं. अनुस्वाराचा व्यास निदान ४ मिमी ठेवा आणि फेव्हिक्विकऐवजी अ‍ॅक्रिलिक जोडायचं द्रावण वापरायला सांगा. दुसरा मार्ग यूव्ही प्रिंटरने शाईचे थरावर थर चढवण्याचा. दिसायला सुबक, पण थर कमी मारले तर उठाव नखालाच कळतो. तिसरा, संगणकावर चालणाऱ्या कोरीवकामाच्या (सीएनसी) यंत्राने दुरंगी पत्र्याचा वरचा थर खोदून अक्षरं शिल्लक ठेवण्याचा. महाग पडतो, मात्र एकही तुकडा सुटा नसतो. रुग्णालयासारख्या रोज पुसल्या जाणाऱ्या जागी आमची पसंती याला.

खोलीचा क्रमांक आणि विभागाचं नाव एका पाटीवर कायमचं करू नका. विभाग हलतात, खोली हलत नाही. वर २२० मिमी रुंद क्रमांकाची पक्की पाटी आणि तिच्याखाली ६० मिमी उंचीची, दोन स्क्रूंवर बसणारी नावाची पट्टी अशी रचना ठेवली तर बदल झाल्यावर फक्त पट्टी बदलते. तसं नसेल तर कुणीतरी जुन्या नावावर कागद चिकटवतं आणि ब्रेलमध्ये मात्र जुनाच विभाग राहतो.

ब्रेल

मराठी ब्रेल म्हणजे भारती ब्रेल, सहा टिंबांचंच. सहा टिंबांच्या एका चौकोनाला घर म्हणू: डाव्या स्तंभात वरून खाली टिंब १, २, ३ आणि उजव्या स्तंभात ४, ५, ६. फलकावरच्या टिंबांची मापं कागदी ब्रेलपेक्षा थोडी वेगळी असतात. टिंबाच्या तळाचा व्यास १.५ ते १.६ मिमी. एकाच घरातल्या शेजारच्या दोन टिंबांमध्ये केंद्रापासून केंद्रापर्यंत २.३ ते २.५ मिमी. शेजारच्या घरातल्या त्याच टिंबापर्यंत ६.१ ते ७.६ मिमी. खालच्या ओळीतल्या त्याच टिंबापर्यंत १० ते १०.२ मिमी. उंची ०.६ ते ०.९ मिमी, वरचा भाग घुमटासारखा. सपाट माथ्याचं टिंब बोटाला ओरखडतं आणि शेजारच्या टिंबात मिसळतं.

एक घर ६.२ मिमी धरलं तर ‘पहिला मजला’ ही दहा घरं, म्हणजे सुमारे ६२ मिमी. ब्रेल ‘जागा उरली तर’ बसवण्याची गोष्ट नाही, आकार ठरलेला आहे, तो दाबून लहान करता येत नाही. पाटीची मांडणी करतानाच ब्रेलची ओळ आधी ठेवा. उठावाच्या मजकुराखाली, त्यापासून निदान १० मिमी सोडून, डावीकडे सुरुवात करून. पाटीच्या चौकटीची कड ब्रेलला खेटलेली नको, बोट अडतं.

ब्रेलमध्ये सगळ्यात मोठा धोका असा की चूक डोळस माणसाला दिसत नाही. काही नेहमीच्या चुका ओळखायला शिका.

वेलांटीची जागा. छापील मराठीत पहिली वेलांटी अक्षराआधी दिसते, ब्रेलमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने अक्षरानंतर येते. जोडाक्षरात हलन्ताचं (पाय मोडल्याचं) चिन्ह, म्हणजे टिंब ४, अर्ध्या अक्षराच्या आधी येतं. ‘लिफ्ट’ हा शब्द असा होतो: ल (१-२-३), इकार (२-४), हलन्त (४), फ (२-३-५), ट (२-३-४-५-६). पाच घरं. दुकानदाराने ब्रेलचा इंग्रजी फॉन्ट लावून मराठी मजकूर टाकला असेल तर यातलं काहीच येणार नाही, नुसती टिंबांची नक्षी येईल. लिबलुई या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये मराठीची सोय आहे, रूपांतर त्यातून करा.

अंकचिन्ह. आकड्याआधी ३-४-५-६ हे चिन्ह लागतं. ते विसरलं तर खोली २०४ ‘बजद’ अशी वाचली जाते. गंमत म्हणजे हेच घर ‘ण’चंही आहे, त्यामुळे अंकचिन्ह मागच्या शब्दाला जोडून देऊ नका. आधी एक रिकामं घर सोडा.

आरसा. पाटी मागून छापायची म्हणून फाइल उलटी केली आणि ब्रेलही त्याबरोबर उलटलं, तर ‘महिला’ हा शब्द बोटांना ‘घळेजश’ असा लागतो. शौचालयाच्या दारावर ही चूक किती महागात पडेल ते सांगायला नको. नमुना हातात आला की एक साधी खूण बघा: ‘महिला’च्या ब्रेलमध्ये शेवटून दुसरं घर ल आहे, म्हणजे डाव्या स्तंभात सरळ उभी तीन टिंबं. ती उजव्या स्तंभात दिसली तर पाटी आरशातली आहे.

टिंबं बसवण्याची सगळ्यात टिकाऊ पद्धत म्हणजे पाटीत नेमकी भोकं पाडून त्यात बारीक गोळे दाबून बसवणं. यूव्ही शाईची टिंबं चालतात, पण हजारो बोटांनी आणि फडक्यांनी ती झिजतात. पारदर्शक चिकटपट्टीवरचं ब्रेल फक्त तात्पुरतं. कोकणातल्या पावसाळ्यात तिच्या कडा महिन्याभरात सुटतात. आणि काचेमागे, फ्रेममध्ये किंवा अडीच मीटर उंचीवर ब्रेल लावून काहीच साध्य होत नाही. तरीही तशा पाट्या उद्घाटनाच्या फोटोंत दिसतात.

उतारवयात किंवा मधुमेहामुळे दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही. बोटांची संवेदनाही कमी झालेली असते. म्हणून उठावाचे अंक ब्रेलला पर्याय म्हणून नव्हे, सोबत हवेत, आणि दारातल्या मदत खिडकीपर्यंत जमिनीवरच्या उठावाच्या फरशा न्यायला हव्यात. रेघांच्या फरशा म्हणजे ‘चालत राहा’, टिंबांच्या म्हणजे ‘थांब, पुढे वळण, जिना किंवा दार आहे’. सूचीफलकासमोर टिंबांच्या फरशा बसवल्या नाहीत तर फलक आहे हे कळायला काहीच मार्ग नसतो.

लिफ्ट, जिना आणि डोक्यावरचे फलक

लिफ्टची बटणं ९०० ते १२०० मिमी उंचीत, ब्रेल बटणावर नसून त्याच्या डावीकडे. बटणावर असेल तर वाचता वाचता ते दाबलं जातं. बाहेरच्या चौकटीवर दोन्ही बाजूंना मजल्याचा उठावाचा आकडा १५०० मिमीच्या आसपास. मजला मराठीत बोलून सांगणारी यंत्रणा बऱ्याच लिफ्टमध्ये असते, फक्त बंद ठेवलेली असते. सुरू करून घ्या.

जिन्याच्या कठड्यावरची पट्टी कठड्याच्या वरच्या अंगाला, टोकापासून हात पडेल तिथे. तीवर एवढंच: मजल्याचा आकडा आणि वर जायचं की खाली.

लटकत्या फलकाखाली किमान २१०० मिमी मोकळी उंची ठेवा. भिंतीतून बाहेर आलेला फलक, अग्निशामक नळकांडं किंवा सूचनापेटी ७०० ते २००० मिमी या पट्ट्यात १०० मिमीहून जास्त पुढे आली तर ती पांढऱ्या काठीला लागत नाही, थेट कपाळाला लागते.

व्हीलचेअरचं चिन्ह

निळ्यावर पांढरं, तोंड उजवीकडे. चिन्ह लावण्याआधी टेप घेऊन जा. दाराची मोकळी रुंदी ९०० मिमी आहे का, उंबरठा आहे का, उतार १२ ला १ पेक्षा उभा नाही ना, आत खुर्ची वळते का, पकडायचे दांडे आहेत का. यातलं एकही नापास असेल तर चिन्ह लावू नका. पाटी बघून दोनशे मीटर खुर्ची चालवत आलेल्या माणसाला आत झाडू-फिनाईलची खोली सापडली तर ती पाटी नसलेलीच बरी होती. नेहमीच्या शौचालयाच्या दारावर मात्र सुगम शौचालय कुठे आहे त्याचा बाण नक्की द्या.

ऐकू न येणाऱ्यांसाठी

इथे खर्च थोडा आणि उपयोग मोठा. ओपीडीत नाव पुकारण्याबरोबर टोकनचा आकडा पडद्यावर दिसू द्या. खिडकीवर ‘लिहून विचारू शकता’ अशी पाटी, सोबत वही आणि पेन. आगीच्या घंटेबरोबर चमकणारा दिवा, शौचालयाच्या आतही, कारण तिथे दुसऱ्यांची धावपळ दिसत नाही.

कार्यादेशात काय लिहायचं

‘ब्रेलसह पाट्या, नग ३०’ एवढंच लिहिलं तर स्वस्तात स्वस्त टिंबं मिळतील आणि हरकत घेता येणार नाही. वर दिलेली टिंबांची मापं, अक्षराचा उठाव, मॅट फिनिश आणि रंगफरकाची टक्केवारी कार्यादेशात आकड्यांनी घाला. सगळ्या पाट्यांआधी एकच नमुना पाटी मागवा. ती जवळच्या अंधशाळेतल्या किंवा संस्थेतल्या, रोज ब्रेल वाचणाऱ्या दोन व्यक्तींकडून वाचून घ्या आणि त्यांना त्याचं मानधन द्या. मजकूर आधी सांगू नका, त्यांनी काय वाचलं ते लिहून घ्या. सगळा माल आल्यावर हीच तपासणी प्रत्येक पाटीची, आणि शेवटचा हप्ता त्यानंतर.

लावताना आणि नंतर

डिस्टेंपरच्या भिंतीवर दुहेरी टेप रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येते. गिट्टी बसवून स्क्रू मारा, स्क्रूचं डोकं पाटीत बुडवा, म्हणजे बोट त्याला टिंब समजणार नाही. टाइल्सवर चांगल्या प्रतीची फोम टेप चालते, आधी टाइल स्पिरिटने पुसून. पण बसवलेली अ‍ॅक्रिलिकची पाटी स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसू नका, तिला बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं. हे सफाई कर्मचाऱ्यांना स्वतः जाऊन सांगा. पाटीवर २०० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास उजेड हवा, मोबाइलवरच्या साध्या अ‍ॅपने तो अंदाजे मोजता येतो. ट्यूबलाइट पाटीच्या थेट समोर नको.

वर्षातून दोनदा नकाशा घेऊन फेरी मारा. गळालेले अनुस्वार, झिजलेली टिंबं, पाटीवर लटकलेली कॅलेंडरं, समोर आलेली कपाटं टिपा. शून्य ते नऊ अंकांचे आणि ‘शौचालय’, ‘लिफ्ट’, ‘बाहेर’ यांचे जादा नग आणि मूळ फाइल भांडारात ठेवा. आणि रंगकाम निघालं की रंगाऱ्याच्या आधी पोहोचा: पाट्या उतरवून, मागे खोली क्रमांक लिहून बाजूला ठेवा. एकदा ऑइलपेंटचा हात फिरला की टिंबांमधल्या जागा भरतात आणि ती पाटी पुन्हा वाचण्याजोगी होत नाही.